हॉर्न बंद, गाडी चालू

११ मार्च

टिटवे,

मेसेज तू उघडत नाहीस, फोनवर मला बोलता येत नाही, आणि आईशी बोलताना तू हवापाण्याच्या पुढे सरकत नाहीस. म्हणून शेवटी कागद काढला. पाकीट फाडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही, आणि तू लहानपणापासून भोचक. त्या एका भरवशावर लिहितोय.

आधी कामाचं. तुझ्याबद्दलचा तो मजकूर मी माझ्या इंटरनेटवरच्या पानावरून काढून टाकला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तू डॉक्टरांच्या खोलीबाहेर जमिनीवर बसून रडलीस, सही करू नका म्हणून माझ्या हातातलं पेन ओढून घेतलंस, ते सगळं. तुझ्या बँकेतल्या साहेबांनी ते वाचलं आणि चारचौघांत "मग, पेन दिलंत का परत?" असं विचारलं, हे आईकडून कळलं. मी आपला लेकीचं कौतुक लिहीत होतो. पण रडली होतीस तू, आणि जगाला दाखवलं मी. हे तुझं म्हणणं मला पटलं. बाकीचं अजून पटलेलं नाही.

तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही घरातलं वेशीवर टांगलंत." बरोबर आहे, टांगलं. पण का टांगलं ते ऐक.

कॅन्सरबरोबर माझा आवाजही कापून काढला, गळ्याला भोक ठेवलं आणि आम्हाला घरी पाठवलं. हातात एक माहितीपत्रक आणि टॉर्चसारखं दिसणारं बोलायचं यंत्र. गळ्याला लावलं की भुंगा डबीत कोंडल्यासारखा आवाज येतो. आईने त्याचं नाव भुंगाच ठेवलंय. आता मी श्वास घेतो तो फक्त त्या भोकातून. त्यामुळे शिंक नाकातून येत नाही, गळ्यातून येते. पहिल्यांदा आली तेव्हा मी सवयीने रुमाल नाकाला लावला आणि समोर बसलेल्या आईचा चष्मा रंगवला. गरम चहावर फुंकर मारता येत नाही. दूध करपलं तर वास येत नाही. दुसऱ्या खोलीतल्या बायकोला हाक मारता येत नाही. यातलं एकही वाक्य त्या माहितीपत्रकात नव्हतं. एकेक गोष्ट आम्ही ठेचा खात शिकलो.

मग मला वाटलं, आपल्यासारखे आणखी असतील, तेही ठेचा खात असतील. जावईबापूंनी पान तयार करून दिलं. (त्यांच्याशीही अबोला धरला आहेस म्हणे. त्यांना सोड. गरीब माणूस आहे, सासऱ्याला नाही कसं म्हणेल?) पानाचं नाव मी ठेवलं, "हॉर्न बंद, गाडी चालू". उभा जन्म लोकांना गाडी शिकवण्यात गेला, दुसरं काय सुचणार!

पहिले काही आठवडे तिकडे कुत्रं फिरकलं नाही. मग मी कोरड्या खोकल्याबद्दल लिहिलं, की छाती खरवडून निघते आणि डॉक्टर म्हणतात सवय होईल. त्यावर लांबच्या कुठल्यातरी गावातल्या एका वेल्डरने उत्तर दिलं. त्याचंही माझ्यासारखंच झालेलं. "नाक हवा ओली करतं. तुमची हवा आता नाकातून जात नाही. मग ती ओली कोण करणार? गळ्यावर सैल, ओलसर पातळ कापड बांधा. आणि डॉक्टरांना विचारा, यासाठी खास जाळीही मिळते." आईने जुनी ओढणी फाडून बांधली. त्या रात्री दोघंही शांत झोपलो. सकाळी आई म्हणाली, "त्या वेल्डरचं भलं होवो, नाव काय त्याचं?" मला माहीतच नव्हतं.

वेशीवर टांगलं म्हणून तो वेल्डर आला, टिटवे. कपाटात ठेवलं असतं तर कोण येणार होतं?

उत्तर नाही दिलंस तरी मी लिहीत राहीन.

तुझा बाबा


२ एप्रिल

टिटवे,

तुझं उत्तर नाही. असो.

इकडे सगळं ठीक. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांनी मला टेबलावर बसवलंय. नव्या लोकांच्या वेळा लावायच्या आणि किल्ल्या सांभाळायच्या. खिडकीतून गाड्या बाहेर पडताना दिसतात. कोणी क्लच झटक्यात सोडला की माझा डावा पाय टेबलाखाली आपोआप दाबला जातो. परवा टेबलच हललं. मालक म्हणाले, "मास्तर, टेबलाला ब्रेक नाही." माणूस चांगला आहे, पण मला गाडीत बसवायला घाबरतो. मी ओरडू शकत नाही, मग शिकाऊ माणसाला थांबवणार कसा, असं त्याचं म्हणणं.

आईने पोहायला जायला सुरुवात केली आहे. या वयात! परत येते ती लाल डोळे घेऊन आणि दुप्पट भूक घेऊन. मी तिच्याबरोबर जाऊ शकत नाही. गळ्यात पाणी गेलं तर सरळ छातीतच जाईल. मी काठावर बसून टॉवेल सांभाळतो. तिची मैत्रीण विचारत होती, "हे तुमचे कोच का?" आई म्हणाली, "हो, फारच कमी बोलतात."

पान सध्या बंद आहे. थोडी डागडुजी चालू आहे. तुला त्याची काळजी नसावी, पण सांगून ठेवलं.

बाबा


१९ एप्रिल

टिटवे,

डागडुजी वगैरे काही नव्हती. तुझ्यापुढे मान खाली जाऊ नये म्हणून तसं लिहिलं. आता खरं लिहितो, कारण आईने धमकी दिली आहे की मी नाही लिहिलं तर ती लिहील, आणि ती तिखटमीठ लावेल.

आंघोळीबद्दल मी एक गोष्ट लिहिली होती. डोक्यावरून पाणी घेताना ते भोकात जाऊ नये म्हणून मी गळ्यावर प्लास्टिकचा तुकडा लावतो. वरून आणि दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी. खालून मोकळं, म्हणजे श्वास चालू राहतो. मी पानावर काय लिहिलं? "गळ्यावर प्लास्टिक धरा आणि चिकटपट्टीने लावा." बस. एवढंच.

एका मुलीचा निरोप आला. तिच्या वडिलांनी ते वाचलं आणि चारी बाजूंनी पट्टी मारली. नीटनेटका माणूस, एक फट ठेवली नाही. न्हाणीघरात जीव गुदमरला, पट्टी ओढता ओढता घसरले आणि हाताचं हाड मोडलं. नशीब म्हणून पट्टी निघाली. ती मुलगी रागावलीही नव्हती. तिने फक्त लिहिलं होतं, "काका, तुम्ही जसं लिहिलंत अगदी तसंच केलं त्यांनी."

मी भुंगा लावून आईला म्हणालो, "अगं, पण खालून मोकळं ठेवायचं हे कोणालाही कळेल."

"कोणालाही कसं कळेल?" आई म्हणाली. "तुम्हाला रोज करून माहीत झालं म्हणून तुम्हाला कळतं. नव्या माणसाला गाडीत बसवल्यावर तुम्ही काय सांगता? चालवा म्हणता की क्लच कुठे आहे ते दाखवता?"

"क्लच दाखवतो."

"मग इथे का नाही दाखवलात?"

मी भुंगा खाली ठेवला. गाडीत माणूस शेजारी असतो. त्याचा पाय चुकला की माझ्या बाजूचा ब्रेक मी दाबतो. पानावर वाचणारा कुठे, मी कुठे! तिथे माझ्या पायाखाली ब्रेक नाही. हे मला आधी कळायला हवं होतं. मी पान बंद केलं आणि ठरवलं, आता पुन्हा या भानगडीत पडायचं नाही. तुझंच खरं झालं असंही मनात आलं, आणि तेच जास्त झोंबलं.

मग काय झालं ते ऐक. परवा त्याच गृहस्थांचा निरोप आला, ज्यांचा हात मोडला त्यांचा. "पान का बंद केलंत? माझा हात प्लास्टरमध्ये आहे, डोळे शाबूत आहेत. मला तुमचं जेवणाबद्दलचं अर्धंच वाचून झालं होतं. 'खालची बाजू मोकळी ठेवा' एवढं लिहा आणि उघडा बघू."

मी आईला दाखवलं. आई ओट्याला टेकून इतकी हसली की तिचे डोळे भरून आले. मग हसता हसता रडली. मलाही ते दोन्ही एकदम झालं.

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलात गेलो. माझ्या वॉर्डातल्या सिस्टर आठवतात का? ज्यांनी तुला दोनदा बाहेर काढलं होतं त्या. मी त्यांना सगळं लिहून दाखवलं. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काका, हे सगळं मला न विचारता जगाला सांगत होतात? यापुढे आधी मला दाखवायचं, मग जगाला." त्यांनी माझ्या लिहिलेल्यातल्या बऱ्याच गोष्टींवर फुल्या मारल्या. काही ठिकाणी मात्र थांबून म्हणाल्या, "हे मला माहीत नव्हतं. हे ठेवा. मीच माझ्या पेशंटना सांगेन."

पान परत उघडलंय. सगळ्यात वर लिहिलंय, "मी डॉक्टर नाही, गाडी शिकवणारा आहे. काहीही करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा." आंघोळीची चूक खोडून लपवली नाही. काय चुकलं आणि त्यामुळे काय झालं, तेही तिथेच लिहिलं. त्या गृहस्थांना विचारूनच. ते म्हणाले, "लिहा, पण मी न्हाणीघरात घसरलो असं लिहा. रडलो असं लिहू नका."

मला तुझी आठवण आली.

बाबा


२५ मे

टिटवे,

तुझं पत्र! आईने ते दारातच फाडलं आणि उभ्या उभ्या वाचलं. "बाबा, ती जाहिरात काढायला लावली आहे. फोटो टाकत जाऊ नका, हे मी आधीच सांगितलं होतं. तब्येतीला जपा." आईने माझ्यावर कुरघोडी केली, म्हणाली, "जपा असं तुम्हाला लिहिलंय खरं, पण पाकिटावर नाव माझं आहे."

खरं सांगतो, ती जाहिरात मला माहीतच नव्हती. पत्र आल्यावर जावईबापूंना विचारलं तेव्हा त्यांनी दाखवली. माझा गळ्याचं भोक दिसणारा फोटो, आणि खाली, "या काकांनी घाबरून ऑपरेशन केलं! तुम्ही करू नका! आमच्या गोळ्या घ्या!" माझा चेहरा बघून कोणी ऑपरेशन टाळलं असतं तर? मी आज जिवंत आहे तो त्या ऑपरेशनमुळे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि तू हे सगळं मला न कळवता निस्तरत होतीस! जावईबापू म्हणाले की तू तुमच्या बँकेतल्या फसवणूक पकडणाऱ्या मैत्रिणीला हाताशी धरलंस, तक्रारीवर तक्रार केलीस, आणि जाहिरात उतरेपर्यंत घरात कोणाला धड जेवू दिलं नाहीस.

म्हणजे अबोला धरून तू पान रोज वाचत होतीस. नाही म्हणू नकोस. न वाचता जाहिरातीतला फोटो कुठून उचललाय हे कसं कळलं?

तुझं ऐकलं. माझा चेहरा दिसतो असे सगळे फोटो पानावरून काढून टाकले. घराचाही काढून टाकला, त्यात गाडीचा नंबर दिसत होता. आईच्या वाढदिवसाचं लिहिलं होतं ते काढलं. आई म्हणाली, "बरं झालं, वय कळत होतं." आता चित्रं आहेत. आईनेच काढलीत. माझा गळा तिने बाटलीसारखा काढलाय, पण सिस्टर म्हणतात समजतं.

आणखी एक बातमी आहे. पानावर एका मुलीने लिहिलंय. ती पावाच्या भट्टीत कामाला आहे, जन्मापासून ऐकू येत नाही. भट्टीची डिलिव्हरीची गाडी तिला चालवायची आहे. दोन ठिकाणी शिकवायला नाही म्हणाले. तिने विचारलंय, "तुम्हाला आवाज नाही, मला कान नाहीत. आपलं जमेल का?"

मालकांना दाखवलं. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "मास्तर, शिकवणारा बोलणार नाही, शिकणारी ऐकणार नाही. माझी गाडी कोणाच्या जिवावर?"

मी कागदावर लिहून दिलं, "माझ्या बाजूच्या ब्रेकच्या."

त्यांनी गाडीची किल्ली माझ्याकडे सरकवली.

बाबा


८ जुलै

टिटवे,

तुला रोजच्या रोज सांगावं असं वाटतं, पण पोस्टमन कंटाळेल.

पहिल्या दिवशी मी सपशेल नापास झालो. मला वाटलं होतं, हाताने खुणा केल्या की झालं. मी तिच्या डोळ्यांसमोर हात नाचवत सुटलो. तिने गाडी शांतपणे कडेला घेतली, फोन काढला आणि लिहिलं, "तुमचा हात दिसतो, रस्ता दिसत नाही." मग तिनेच मला शिकवलं. खूण करायची ती काचेच्या खालच्या बाजूला, नजरेच्या कडेला. डावीकडे, उजवीकडे, हळू, थांब. यापलीकडे चालत्या गाडीत काही सांगायचं नाही. समजवायचं असेल तर गाडी थांबवून, लिहून. आणि खांद्यावर एकदा टॅप म्हणजे आरसा बघ.

आरशाचं मात्र तिला फारसं सांगावं लागत नाही. आपण हॉर्नवर विसंबतो, ती डोळ्यांवर. मागून येणारी मोटारसायकल तिला माझ्याआधी दिसते. मी एवढी वर्षं ओरडून शिकवत होतो. आता वाटतं, त्यातलं अर्धं ओरडणं माझ्या भीतीपोटी होतं, समोरच्याला त्याचा काडीचाही उपयोग नव्हता.

मी तिला विचारलं, हे पानावर लिहू का? तिने विचार केला आणि अटी घातल्या. खुणा लिहा. माझं नाव, माझा चेहरा, माझी भट्टी नको. पास झाले तर लिहा, नापास झाले तर तेही लिहा, पण पहिल्यांदा मला वाचायला द्या. बघ, तुझ्यापेक्षा सौम्य आहे, पण तुझ्याच जातकुळीतली.

मंगळवारी ती पास झाली. परीक्षा घेणाऱ्या साहेबांना आम्ही खुणांचा कागद आधी दिला होता. त्यांनी तो गुडघ्यावर ठेवून सगळ्या खुणा बरोबर केल्या. बाहेर आली तेव्हा तिने दोन्ही हात वर केले आणि बोटं हलवली. ही त्यांची टाळी. मीही हात वर केले. मालकही खिडकीतून करायला लागले. येणारेजाणारे आम्हाला वेडे समजले असतील.

खुणा पानावर टाकल्यापासून तशाच आणखी काही जणांनी विचारलंय. मालकांनी मला टेबलावरून उठवलंय. टेबल आता त्यांचे मेहुणे सांभाळतात.

आणि रविवारचा तुझा फोन. आईने तो माझ्या हातात दिला तेव्हा मी भुंगा खिशातून काढून परत ठेवला. तू म्हणाली होतीस ना, "तो मशीनचा आवाज मला सहन होणार नाही, माझ्या डोक्यात तुमचा जुना आवाज राहू दे." म्हणून मी वर्षभर तुझ्याशी भुंग्यातून बोललोच नाही. रविवारी मी भुंगा लावला आणि म्हणालो, "टिटवे, जेवलीस का?"

मला वाटलं फोन कटला. मग तू म्हणालीस, "बाबा, आवाज मशीनचा आहे हो. पण विचारणं तुमचंच आहे." आणि नाक ओढलंस. मी इकडे गळा ओढला.

ये आता. भाड्याचं मी बघतो असं म्हणणार होतो, पण तू बँकेत आहेस, तूच बघ.

बाबा


१४ सप्टेंबर

टिटवे,

तू गेलीस आणि घर एकदम मोठं झालं. आईने तुझी उशी अजून उचलली नाही. मी काही बोललो नाही. (इथे हसायचं.)

तुझ्या हातचे पानावरचे बदल चांगले झालेत. वरच्या बाजूला ती नवी सूचना तू लिहिलीस, "दुसऱ्याची गोष्ट लिहिताना त्याला विचारा", ती वाचून वेल्डरने लिहिलंय, "मास्तर, ही भाषा तुमची नाही. कोणीतरी कडक माणूस आलेला दिसतो." मी त्याला कळवलं, आमच्याकडे बँक आली आहे.

गुरुवारचा प्रकार तुला सांगायचा राहिला. तू होतीस, पण मागच्या सीटवर होतीस, म्हणून अर्धाच दिसला तुला. भट्टीवाल्या मुलीला भट्टीची मोठी गाडी पहिल्यांदा घाटात न्यायची होती, मी शेजारी बसलो आणि तू हट्टाने मागे चढलीस. पहिल्याच वळणावर तू सुरू केलंस, "ब्रेक! अहो, ब्रेक! बाबा, तिला सांगा! समोर ट्रक आहे! हळू! अगं बाई, हळू!"

टिटवे, तिला ऐकू येत नव्हतं. मला ऐकू येत होतं, पण माझे दोन्ही हात कामात होते, भुंगा खिशात. त्या गाडीत बोलणारी एकटी तू, आणि तुला उत्तर देणारं कोणी नव्हतं. तू आमच्या मानेमागे बसून बोंबलत होतीस आणि आम्ही दोघं ट्रकला व्यवस्थित वाट देऊन वर चढत होतो.

तिने आरशात पाहिलं. तो तिचा धर्मच आहे. आरशात तिला तुझं उघडं तोंड दिसलं. तिने माझ्याकडे एक कटाक्ष टाकला आणि भुवई उडवली, की ही कोण? मी काचेच्या खाली बोट वळवून छातीवर ठेवलं, माझी. ती हसायला लागली. मग मीही. मला आवाज नाही, त्यामुळे माझं हसणं म्हणजे नुसते खांदे हलतात आणि गळ्यातून हवा सुटते. तुला मागून ते दिसलं असेल, आणि तू विचारलंस, "बाबा, खोकला येतोय का? गाडी थांबवू का?"

खोकला नव्हता तो.

वर पोचल्यावर तू पहिल्यांदा गप्प झालीस आणि खिडकीतून खाली बघत बसलीस. आम्ही गाडी तशीच चालू ठेवली.

बाबा